इंडियानाचा हंगाम आणि खेळाडूचे स्वातंत्र्य

१९ जानेवारी २०२६ रोजी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने मायामी विद्यापीठाचा २७–२१ असा पराभव करून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. सोळा सामने आणि सोळा विजय अशी त्या हंगामाची नोंद आहे. अशा विजयाच्या वार्ता दर वर्षी येतात आणि यथाकाल विस्मरणातही जातात. परंतु या कथेत अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा असा एक भाग आहे, आणि तो अजिंक्यपदाच्या हंगामात नसून त्याच्या आदल्या, म्हणजे २०२४ च्या हंगामात आहे. वरिष्ठ श्रेणीतील विद्यापीठांमध्ये सर्वाधिक पराभव ज्या संघाच्या नावावर जमा होते, त्याने नवा मुख्य प्रशिक्षक येताच एका वर्षात तीन विजयांवरून अकरा विजयांपर्यंत मजल मारली. हा एका माणसाचा चमत्कार मानायचा, की ज्या नियमांखाली हा खेळ शतकभर चालला ते नियमच बदलल्याचा परिणाम मानायचा? या प्रश्नाच्या उत्तरावर विद्यापीठ, विद्यार्थी आणि श्रमाचे मोल यांविषयीच्या काही जुन्या समजुतींचे भवितव्य अवलंबून आहे.

खेळ की उद्योग?

प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळणे, तो पुढे फेकणे आणि पळणाऱ्यास अंगाशी भिडून खाली पाडणे, असा तो धसमुसळा पण कमालीचा योजनाबद्ध खेळ आहे. मैदानात एका वेळी अकराच खेळाडू उतरतात. परंतु चढाईचे अकरा निराळे, बचावाचे अकरा निराळे, आणि त्यांच्यामागे राखीव खेळाडूंची फौज. २०२४ च्या हंगामापर्यंत एका विद्यापीठाला या एकाच खेळासाठी ८५ शिष्यवृत्त्या देता येत असत.

आपल्याकडे महाविद्यालयीन क्रीडा म्हणजे जिमखान्याची फी, आंतरमहाविद्यालयीन सामने आणि स्नेहसंमेलनातील पारितोषिक वितरण. तेथील चित्र अगदी वेगळे आहे. ब्लूमिंग्टनसारख्या लहान शहरात विद्यापीठाच्या क्रीडांगणावर पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक बसू शकतात. इंडियाना ज्या ‘बिग टेन’ गटात खेळते, त्या गटाने २०२३ पासून सात वर्षांसाठी दूरचित्रवाणी कंपन्यांशी केलेले करार ७०० कोटी डॉलरच्या घरातील असल्याचे प्रसिद्ध झाले आहे. गटाचे नाव ‘दहा’ असले तरी २०२४ पासून त्यात अठरा विद्यापीठे आहेत, यावरूनही या व्यवहाराच्या विस्ताराची कल्पना यावी. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत सार्वजनिक सेवेतील सर्वाधिक वेतन घेणारी व्यक्ती राज्याचा गव्हर्नर नसते, विद्यापीठाची प्रमुखही नसते. ती फुटबॉलची अथवा बास्केटबॉलची प्रशिक्षक असते.

हा सारा डोलारा ज्यांच्या अंगमेहनतीवर उभा होता त्या खेळाडूंना मात्र शिक्षण, निवास आणि भोजन यांपलीकडे फारसे काही मिळत नसे. ते ‘विद्यार्थी-खेळाडू’ आहेत, हौशी आहेत, आणि हौशी माणसाने मोबदला मागू नये, असे या खेळाचे नियमन करणारी ‘एन.सी.ए.ए.’ ही संघटना सांगत आली. १९०५ मध्ये मैदानावरील मृत्यूंमुळे देशभर ओरड झाली, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यात लक्ष घातले, आणि त्यातून १९०६ मध्ये ही संघटना जन्मास आली. खेळाडूंच्या संरक्षणासाठी स्थापन झालेली संस्था पुढे त्यांच्या मजुरीवर मर्यादा घालणारी मालकांची संघटना बनली, हा इतिहासातील एक विपर्यासच म्हटला पाहिजे.

पराभवाची परंपरा

इंडियाना विद्यापीठाची स्थापना १८२० मधील. विद्वत्तेच्या क्षेत्रात त्याचा लौकिक मोठा, बास्केटबॉलमध्ये तर पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे. परंतु फुटबॉलमध्ये दारिद्र्य पिढीजात. गटाचे अजिंक्यपद १९४५ मध्ये एकदा आणि १९६७ मध्ये दुसऱ्यांदा, तेही विभागून. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ कोरडा. एका हंगामात नऊहून अधिक विजय या संघाने २०२४ पूर्वी कधीच मिळविले नव्हते. एकूण पराभवांची संख्या मात्र सातशेच्या पुढे गेली होती. २०२१, २०२२ आणि २०२३ या तीन हंगामांतील ३६ सामन्यांपैकी केवळ ९ सामने संघाने जिंकले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये विद्यापीठाने प्रशिक्षक टॉम ॲलन यांना दूर केले. करार मुदतीपूर्वी मोडल्याबद्दल त्यांना १ कोटी ५५ लाख डॉलर देण्याचे ठरले, आणि ही रक्कम देणगीदारांकडून उभी राहिली. तोवर खेळाडूंना वेतन देणे हा शिक्षणाच्या पावित्र्याचा भंग समजला जात होता. प्रशिक्षकाने काम करू नये म्हणून दीड कोटी डॉलर मोजण्यात मात्र कोणास काही गैर वाटले नाही.

त्यांच्या जागी ३० नोव्हेंबर २०२३ रोजी कर्ट सिग्नेटी यांची नेमणूक झाली. हे काही तरुण, तेजस्वी नाव नव्हते. सिग्नेटी त्या वेळी साठी ओलांडलेले होते. वडील फ्रँक सिग्नेटी हे स्वतः नामांकित प्रशिक्षक. २००७ ते २०१० या काळात कर्ट यांनी अलाबामा येथे निक सेबन यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून काम केले, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती भरभक्कम वेतनाची जागा सोडून पेनसिल्व्हेनियातील एका लहान विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षकपद कमी पगारावर पत्करले. तेथून ईलॉन, तेथून व्हर्जिनियातील जेम्स मॅडिसन विद्यापीठ, अशा पायऱ्या चढत ते आले. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांचा एकही हंगाम तोट्यात गेला नव्हता. ब्लूमिंग्टनला आल्यावर खेळाडूंना तुम्ही कसे आकर्षित करणार असे वार्ताहरांनी विचारले, तेव्हा आपण जिंकतो आणि खात्री हवी असल्यास गूगलवर नाव पाहावे, असे त्यांनी सांगितले. पराभवाची सवय झालेल्या गावाला ही भाषा उद्धट वाटली असल्यास नवल नाही.

अकरा विजय

सिग्नेटी एकटे आले नाहीत. चढाईचे आणि बचावाचे सूत्रसंचालन करणारे साहाय्यक त्यांनी जेम्स मॅडिसनहून आणले, आणि त्यांच्या पाठोपाठ तेथील तेरा खेळाडूही आले. एडन फिशर, मिकेल कमारा, डिअँजेलो पाँड्स, इलायजा सॅरट ही त्यांतील प्रमुख नावे. चढाईची सूत्रे हलविणारा क्वार्टरबॅक कर्टिस रोर्क हा ओहायो विद्यापीठातून आला. हे ओहायो म्हणजे बलाढ्य ओहायो स्टेट नव्हे, त्याच राज्यातील तुलनेने लहान विद्यापीठ. शाळेतून बाहेर पडताना यांच्यापैकी कोणाच्याही दारात मोठ्या विद्यापीठांची रांग लागली नव्हती. खेळाडूच्या अंगी असलेल्या शक्यतेपेक्षा त्याने प्रत्यक्ष करून दाखविलेले काम मोलाचे, हे सिग्नेटी यांचे निवडीचे सूत्र होते.

हंगामाचे वृत्त थोडक्यात असे. वेस्टर्न इलिनॉय संघाचा ७७–३ असा धुव्वा उडाला, तेव्हा प्रतिस्पर्धी दुबळा होता असे म्हणता आले. नेब्रास्काचा ५६–७ असा पराभव झाल्यावर ते म्हणणे कठीण झाले. त्याच सामन्यात रोर्कचा अंगठा दुखावला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. पुढच्या आठवड्यात राखीव क्वार्टरबॅकला घेऊन संघाने वॉशिंग्टनलाही हरविले. ९ नोव्हेंबर रोजी आदल्या हंगामातील राष्ट्रीय विजेत्या मिशिगनवर २०–१५ अशी मात झाली आणि इंडियानाच्या इतिहासात प्रथमच दहा विजयांचा आकडा लागला. ओहायो स्टेटने ३८–१५ असे जमिनीवर आणले. परंतु त्यानंतर शेजारच्या पर्ड्यू विद्यापीठाविरुद्ध, १९२५ पासून जुन्या लाकडी बादलीच्या ढालीसाठी चालत आलेल्या लढतीत, ६६–० असा निकाल लागला. त्या वर्षी प्रथमच बारा संघांपर्यंत वाढविलेल्या राष्ट्रीय बाद फेरीत इंडियानाला स्थान मिळाले, आणि २० डिसेंबर रोजी नोत्र दामने २७–१७ असा विजय मिळवून तो हंगाम संपविला. इंडियानाला हरविणारे हे दोन्ही संघच पुढे अंतिम सामन्यात समोरासमोर आले, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

हंगाम संपल्यावर कळले ते असे, की रोर्क हा संपूर्ण हंगाम गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेल्या अवस्थेत खेळला होता. धावसंख्येच्या रकान्यांत खेळाडूच्या देहाची किंमत कोठेच मांडली जात नाही, म्हणून तिचा उल्लेख येथे मुद्दाम करावयाचा.

साखळी तुटली तेव्हा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सिग्नेटी यांची पारख आणि शिस्त यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण हेच सिग्नेटी २०१४ मध्ये ब्लूमिंग्टनला आले असते तर? त्या वेळच्या नियमानुसार एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या फुटबॉलपटूला सामान्यतः एक हंगाम बाहेर बसावे लागे. तेरा खेळाडू प्रशिक्षकाबरोबर आले असते, तर वर्षभर त्यांनी केवळ सराव केला असता. २०२१ मध्ये ही अट एका स्थलांतरापुरती शिथिल झाली. एप्रिल २०२४ मध्ये, न्यायालयाच्या दणक्यानंतर, अभ्यासात पात्र असलेल्या विद्यार्थ्याला कितीही वेळा विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली. जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याचा हक्कही खेळाडूला मिळाला. इंडियानाचा हंगाम हे या मोकळ्या श्रमबाजाराचे अपत्य आहे.

निर्बंधांचे समर्थन नेहमी समतोलाच्या नावाने केले गेले. खेळाडू मोकळे सोडले तर श्रीमंत संघ सगळे चांगले खेळाडू पळवतील, असे सांगितले जाई. सायमन रॉटनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्येच बेसबॉलच्या संदर्भात हा युक्तिवाद खोडून काढला होता. खेळाडू अखेर जेथे त्याच्या कौशल्याचा उपयोग सर्वाधिक तेथेच जातो. निर्बंधाने फरक पडतो तो एवढाच, की त्या कौशल्याचे मोल खेळाडूच्या हाती न पडता मालकाच्या हाती पडते. शिवाय घटत्या उत्पादकतेचा नियम येथेही लागू आहे. ज्या संघापाशी तीन उत्तम क्वार्टरबॅक आहेत त्याला चौथ्याचा उपयोग बाकावर बसविण्यापुरताच. ज्याच्यापाशी एकही नाही त्याला तोच चौथा संजीवनीसारखा.

आकडे पाहावेत. २०१४ ते २०२३ या दहा वर्षांत राष्ट्रीय बाद फेरीत दर वर्षी चार, म्हणजे एकूण चाळीस जागा होत्या. त्यांतील १९ जागा अलाबामा, क्लेमसन आणि ओहायो स्टेट या तीनच विद्यापीठांनी घेतल्या. एकट्या अलाबामाने आठ. या दशकाचा बहुतांश काळ खेळाडू बांधलेलेच होते. समतोल राखण्यासाठी घातलेल्या बेड्यांनी राखली ती मूठभरांची सद्दी. बेड्या सैल झाल्यावर काही वर्षांतच सातशे पराभवांचा धनी विजेता ठरला. एका उदाहरणावरून सिद्धान्त बांधू नये हे खरे. तथापि सिद्धान्ताला छेद देण्यास एक उदाहरणही पुरेसे असते.

आणखी एक विसंगती येथे उघडी पडते. सिग्नेटी जेम्स मॅडिसन सोडून गेले तेव्हा त्या संघाचा अखेरचा सामना अद्याप व्हावयाचा होता. प्रशिक्षकाच्या अशा जाण्यास व्यवसायातील उन्नती म्हणण्याची रीत आहे. खेळाडू गेला की त्यास निष्ठेचा अभाव म्हणतात. सिग्नेटी यांचे वार्षिक वेतन आरंभी सुमारे ४० लाख डॉलर होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते सरासरी ८० लाखांवर आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये १ कोटी १६ लाखांच्या आसपास गेले. ज्या बाजारपेठेने गुरूचे मोल असे वाढविले, त्याच बाजारपेठेत शिष्याने उभे राहू नये असे कोणत्या न्यायाने म्हणावे?

दुसरी बाजू

परंतु स्वातंत्र्याची किंमत कोणी तरी चुकवीत असतेच, आणि ती कोण चुकवितो हे पाहणे अर्थशास्त्राचे कर्तव्य आहे. पहिला चुकविणारा म्हणजे लहान विद्यापीठ. इलायजा सॅरट प्रथम पेनसिल्व्हेनियातील सेंट फ्रान्सिस येथे खेळला, मग जेम्स मॅडिसन येथे, मग इंडियानात. त्याला घडविले पहिल्या दोघांनी, फळ मिळाले तिसऱ्याला. गॅरी बेकर यांनी मानवी भांडवलाच्या विवेचनात म्हटले आहे की जे प्रशिक्षण कोठेही उपयोगी पडते त्याचा खर्च कोणताही मालक स्वखुशीने करीत नाही, कारण शिकलेला कामगार उद्या निघून जाऊ शकतो. जागतिक फुटबॉलमध्ये तरुण खेळाडू घडविणाऱ्या मंडळांना नुकसानभरपाई देण्याची व्यवस्था २००१ पासून आहे. अमेरिकन विद्यापीठांत प्रशिक्षक पळविला तर करारानुसार भरपाई द्यावी लागते. खेळाडू गेला तर त्याला घडविणाऱ्या संस्थेला काही मिळावे असा सर्वसाधारण नियम मात्र नाही.

दुसरा चुकविणारा शाळेतून नुकताच बाहेर पडलेला मुलगा. तयार झालेला बावीस वर्षांचा खेळाडू उपलब्ध असताना अठरा वर्षांच्या मुलात तीन वर्षे गुंतविण्यास प्रशिक्षक का तयार व्हावा? सिद्ध कामगिरीला प्राधान्य देणारे धोरण एका हंगामापुरते शहाणपणाचे असते. साऱ्यांनीच ते स्वीकारले तर कामगिरी सिद्ध करण्याची पहिली संधी देणार कोण?

तिसरी किंमत शिक्षणाची. दर वर्षी विद्यापीठ बदलणाऱ्या विद्यार्थ्याचे पूर्ण झालेले पाठ्यक्रम नव्या ठिकाणी ग्राह्य धरले जातीलच असे नाही, आणि पदवी लांबत जाते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये पोहोचणारे थोडे. उरलेल्यांना आयुष्यभर पुरणारी शिदोरी ही पदवीच आहे. स्वातंत्र्याच्या उत्साहात या गोष्टीचा विसर पडला तर ती मुक्तता अर्धवटच ठरेल.

तरीही या तक्रारींवर जुन्या बेड्या हा उपाय नव्हे. इंडियानाचाच पुढचा हंगाम पाहावा. फिशर, कमारा, पाँड्स आणि सॅरट हे चौघेही २०२५ मध्ये तेथेच राहिले. एका हंगामात नाव झालेल्या खेळाडूंना बाजारात गिऱ्हाईक मिळाले नसते असे नाही. पण ते राहिले, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेल्या फर्नांडो मेंडोझा या नव्या क्वार्टरबॅकच्या साथीने अजिंक्य ठरले. जाण्याची मोकळीक असताना राहणे यालाच निष्ठा म्हणतात. दार बंद असताना आत बसलेल्या माणसाच्या निष्ठेची परीक्षा कधी झालेलीच नसते. माइक कॅटिक हा खेळाडू तर सहा वर्षे इंडियानातच होता. वर्षाला दोन-तीन विजयांचे दिवस त्याने काढले आणि अकरा विजयांचे वर्षही पाहिले. त्याच्या सहवासाचे मोल बाहेरून आलेल्यांच्या येण्याने कमी झाले नाही.

नियम कोणी करावेत?

तेव्हा प्रश्न उरतो तो नियम नसावेत हा नव्हे, तर ते कोणी करावेत हा. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार माजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर मिळावयाचे आहेत, आणि २०२५–२६ पासून प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना थेट मोबदला देता येतो, ज्याची कमाल मर्यादा २०२५–२६ साठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. ही मोठीच पुढची पायरी होय. पण ही कमाल मर्यादा कामगार आणि मालक यांच्या वाटाघाटीतून ठरलेली नाही. एका खटल्यातील दोन्ही बाजूंच्या वकिलांनी ती ठरविली. डार्टमाथ महाविद्यालयाच्या बास्केटबॉल खेळाडूंनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी संघटना स्थापण्याचा निर्णय घेतला, परंतु वर्षअखेर तो अर्ज मागे घेतला गेला. खेळाडूला आज पाय मोकळे मिळाले आहेत, आवाज मिळालेला नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी इंडियाना विद्यापीठाने फार दूर जाण्याची गरज नाही. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पहिल्या महिला एलिनॉर ऑस्ट्रम यांनी याच ब्लूमिंग्टनमध्ये चार दशकांहून अधिक काळ काम केले. नेपाळमधील पाटबंधारे, किनाऱ्यावरील मासेमारी, डोंगराळ गावांची कुरणे यांच्या अभ्यासातून निघालेला त्यांचा निष्कर्ष साधा होता. सामायिक संपत्तीचे नियम जेव्हा ती वापरणारे लोक स्वतः एकत्र बसून करतात, तेव्हा ते नियम पाळले जातात आणि संपत्तीही टिकते. महाविद्यालयीन फुटबॉल ही अशीच एक सामायिक संपत्ती आहे. तिच्यावर लहान विद्यापीठांचा हक्क आहे, प्रेक्षकांचा आहे, आणि सर्वांत आधी, फाटलेल्या गुडघ्यानिशी मैदानात उतरणाऱ्या खेळाडूचा आहे. शतकभर त्याला वगळून नियम केले गेले आणि ते एकामागून एक न्यायालयात कोसळले. पुढचे नियम करताना त्याला टेबलाशी खुर्ची दिली, तर इंडियानाचा हंगाम एका प्रशिक्षकाची विजयगाथा म्हणून न उरता एका अन्यायाच्या परिमार्जनाचा आरंभ ठरेल. तसे झाले नाही, तर जुन्या मक्तेदाराच्या जागी नवा मक्तेदार आला, एवढीच नोंद त्या अकरा विजयांपुढे करावी लागेल.